सडक्या नारिंगांचा नैवेद्य

पूर्वी वाराणसी नगरीत एक राजा धर्माने राज्य करीत असताना बोधिसत्त्वांचा जन्म माळ्याच्या कुळात झाला. नदीकाठी राजाची नारिंगांची दोन उद्याने शेजारी-शेजारी होती, मध्ये नुसते मेंदीचे कुंपण. एक बोधिसत्त्व राखीत, दुसरे कुंडक नावाचा माळी. बोधिसत्त्वांची नारिंगे राजवाड्यात जात. कुंडकाची मात्र कच्चीच पिवळी पडून गळत, आणि फोडली की आत अळ्या वळवळत.

त्या वर्षी राजाने निरोप धाडला की महिन्याने, पौर्णिमेला, उद्याने पाहिली जातील; ज्याची फळे किडकी निघतील त्याने उद्यान सोडावे. कुंडक घाबरला. पण खरे सांगायचे तर आपले उद्यान जाईल या भीतीपेक्षा शेजाऱ्याचे राहील याचाच जळफळाट मोठा होता. जेवायला बसला तरी नजर कुंपणापलीकडे असे.

बोधिसत्त्व रोज सकाळी झाकलेली टोपली घेऊन नदीपलीकडच्या रानात जात आणि रिकामी घेऊन परतत. एकदा कुंडक दबकत मागे गेला. एका वडाखाली बोधिसत्त्वांनी टोपली ओतली, हात जोडले आणि ते निघून गेले. कुंडकाने पुढे होऊन पाहिले, तर गळालेली, सडकी नारिंगे.

“असं आहे होय,” तो पुटपुटला. “वडावर यक्ष आहे, आणि हा एकटाच त्याला खूश करतोय.”

झाले. तो यक्ष आपल्याकडेच यावा म्हणून त्याने आपली सगळी गळालेली फळे उद्यानाच्या मधोमध रचली. एवढ्यावर भागेना, तेव्हा वडाखालचा ढीगही वाहून आणला. शेजाऱ्याचा नैवेद्य तेवढा का राहू द्यायचा?

“अहो, सडकी फळं खाणारा यक्ष कुणी पाहिलाय का?” त्याची बायको गोमती म्हणाली.

“तू गप्प बस,” कुंडक म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात माश्यांचे थवे उठले. झाडावरची फळेही टोचली जाऊ लागली. कुंडक तणतणत कुंपणाशी गेला आणि शेजाऱ्याच्या यक्षाला दोष देऊ लागला.

बोधिसत्त्व हसले नाहीत. त्यांनी एक फळ फोडून दाखवले. “यात यक्ष नाही, मित्रा. माशी फळात अंडी घालते. फळ गळलं की अळी मातीत शिरते आणि माशी होऊन पुन्हा झाडावर येते. म्हणून मी गळलेलं फळ रोज लांब नेतो.”

“मग हात कशाला जोडायचास?”

“त्या जिवांना घराबाहेर काढलं, त्याची क्षमा मागायला.”

आता पंधरा दिवस उरले होते. बोधिसत्त्वांच्या झाडांवरही माश्या आल्या होत्या, पण त्यांनी टोपली उचलून सुरुवात केली ती कुंडकाच्या ढिगापासून. दोघे दिवसभर फळे वाहत. कुंडक राबत होता आणि जळतही होता. चांगुलपणातसुद्धा हाच पुढे, हे त्याला सोसवत नव्हते.

पौर्णिमेला राजाचा अधिकारी आला. कुंडकाच्या उद्यानात जमीन स्वच्छ होती आणि दोन टोपल्या निरोगी फळे होती. बोधिसत्त्वांना आपल्याकडे बघायला वेळच मिळाला नव्हता. तिथे झाडांखाली गळालेल्या फळांचा सडा पडला होता. अधिकारी त्यांना म्हणाला, “हे उद्यान सोडा.”

इतकी वर्षे कुंडकाला हेच हवे होते. क्षणभर तो मनात सुखावलाही. मग बोधिसत्त्वांना टोपली खाली ठेवताना त्याने पाहिले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“स्वामी, माश्या मी आणल्या,” तो म्हणाला. “हा माझी फळं वेचत होता. जायचं तर मी जातो.”

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, “कुणी जायला नको. माशी कुंपण मानत नाही. दोन्ही उद्यानं एक करा, आम्ही मिळून राखू.”

अधिकाऱ्याने हे राजाला सांगितले, आणि राजाने ते मान्य केले. कुंडकाने त्याच दिवशी मेंदी मुळासकट उपटली. पुढच्या हंगामात कुणी पाहुणा आला की तो आधी बोधिसत्त्वांच्या हातची झाडे दाखवी, मग आपली.

सोबत्याच्या नव्या चीवराकडे, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राकडे, पाहून जळणाऱ्या एका भिक्षूला ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षू, ज्याचं चीवर तुला खुपतं तो त्या जन्मी कुंडकाची बायको गोमती होता. कुंडकाचा शेजारी माळी मी होतो. आणि कुंडक होतास तू. एकदा तू कुंपण उपटलं आहेस, म्हणजे तुला ते जमतं.”

दुसऱ्याच्या सुखाने सुखी होण्याला मुदिता म्हणतात.