मुठीचे पंतोजी

ऐका. खडकवळला तेव्हा वेस होती आणि वेशीला दरवाजा होता. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षं झाली ते मात्र विचारू नका; गावातला प्रत्येक म्हातारा वेगळा आकडा सांगतो आणि शेजारच्याला खोटं पाडतो. पण घडलं काय, ते सगळे सारखंच सांगतात, आणि सांगताना सगळ्यांचाच आवाज खाली येतो.

मारुतीच्या देवळाच्या ओवरीत शाळा भरायची. त्र्यंबकपंत नावाचे पंतोजी ती चालवायचे. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ आणि हात जड. गावाला त्यांच्या अक्षराचं कौतुक होतंच, पण खरा अभिमान त्या जड हाताचा. गावात एक रीतच होती. मुलाला शाळेत घालायचं त्या दिवशी बापानं नारळ, गूळ आणि स्वतः तोडलेली एक छडी घेऊन यायचं. ती छडी पंतोजींच्या हातात द्यायची, पाया पडायचं आणि मुलाकडे मागे वळून न बघता घरी जायचं. छड्या ओवरीच्या कोपऱ्यात उभ्या असायच्या. ज्याची छडी त्यालाच. कुणी निरगुडीची आणायचा, कुणी चिंचेची. ज्याची छडी जाड, त्याला पोराच्या शिक्षणाची काळजी जास्त, असं सगळं गाव धरून चालायचं. आता ह्याला काय म्हणायचं? मला तर ऐकूनच गलबलतं. पण ती माणसं वाईट नव्हती हो. पोरं शहाणी व्हावीत म्हणूनच ते चाललं होतं.

लिंबाजी कुंभाराच्या घरात तोवर कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. त्याचा धाकटा मुलगा सटवा शाळेत जायचा ठरला, तेव्हा लिंबाजीला काय करू नि काय नको असं झालं. तो रानात गेला, बाभळीची फांदी तोडली, काटे तासले, तिला तेल पाजलं. सगळ्या गावात एवढी जाड छडी कुणी आणली नव्हती.

"पंत, आमच्यात अक्षर वळखणारं कुनी न्हाई," तो म्हणाला. "ह्येला मानूस करा."

पंतोजींनी छडी हातात तोलून पाहिली आणि मान डोलावली. लिंबाजी छाती पुढे काढून घरी गेला.

सटवा हुशार होता, पण हसरा. एकदा सकाळी पंतोजी पावकी सांगत होते, म्हणजे पावपटीचे पाढे. डोळे मिटून, एका लयीत. सटवाच्या मागं मागं त्याच्या घरची शेळी शाळेपर्यंत आली होती. ती हळूच ओवरीत शिरली आणि पंतोजींच्या मागे उभी राहून त्यांच्या उपरण्याचं टोक चघळायला लागली. पंतोजी मान हलवत होते आणि शेळीही मान हलवत होती. सगळी शाळा हसली. पंतोजींनी डोळे उघडताच बाकीच्यांनी तोंडात बोळे कोंबले. सटवाला मात्र आवरेना. तो हसतच राहिला.

पंतोजींनी कोपऱ्यातून बाभळीची छडी उचलली आणि म्हणाले, "हात."

सटवानं उजवा हात पुढे केला. तोंडावर हसू तसंच होतं. शिक्षा एका छडीचीच झाली, असं म्हणतात. पण ती छडी बाभळीची होती. सटवाची बोटं मिटली, मूठ झाली आणि हसू गेलं. तो रडला नाही. घरी गेला आणि आईनं भाकरी हातात दिली, तर मूठ उघडेना.

सटवाची आई सगुणा, तिनं कोमट तेल लावलं. वैद्यानं शेक दिला. देवऋष्यानं अंगारा लावला. तालमीतल्या पैलवानानं बोटं ओढली आणि घाबरून सोडून दिली. मूठ दगडासारखी. लिंबाजी चाकापुढे बसून राहिला. कुंभाराचं पोर आणि एकच हात. एका हातानं चाकावर मडकं उभं राहत नाही. ज्या छडीला आपण हौसेनं तेल पाजलं, तिनंच आपल्या पोराचं हे असं केलं, हे त्याला कळलं आणि त्याचं जेवण सुटलं.

पंतोजींच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "ढोंग आहे."

पण छडी मारली त्याच दिवशी त्यांच्या घरीही काहीतरी आक्रीत झालं होतं. बायको जानकीबाई ताट वाढून म्हणाली, "अहो, ती काठी ठेवा की खाली. जेवायला बसता ना?" पंतोजींनी काठी ठेवायला हात सैल केला, तर तो सैल होईना. छडी मुठीत आणि मूठ छडीला चिकटलेली. त्यांना डाव्या हातानं जेवावं लागलं. झोपताना छडी, आंघोळीला छडी, मारुतीला नमस्कार करतानाही छडी. गाव हबकून गेलं. देवापुढे काठी घेऊन उभा राहिलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. सुतार आला. त्यानं करवतीनं मुठीच्या दोन्ही बाजूंनी छडी कापून टाकली. सकाळी बघतात तर छडी पुन्हा तेवढीच, वर तेलानं चकाकतेय. सुतार जो गेला तो पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही, असं म्हणतात.

दिवस जात होते. शाळेत पोरं चिडीचूप बसायची. पंतोजींना वाटलं होतं शिस्त म्हणजे हीच. पण आता त्या शांततेचीच त्यांना भीती वाटायला लागली.

एके दिवशी जानकीबाईनं विचारलं, "तो पोरगा हसला कशाला होता?"

पंतोजी म्हणाले, "मी विचारलं नाही."

"इतकी वर्षं शाळा चालवताय. कधी कुणाला विचारलंत?"

पंतोजी उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि भर दुपारी कुंभारवाड्यात निघाले. पंतोजी कुंभाराच्या दारात, हेच आधी लोकांना खरं वाटेना. सटवानं लांबून छडी पाहिली आणि तो भट्टीच्या मागं दडला. माफी मागायला आलेला माणूस हातात काठी घेऊन उभा, आणि ती त्याला टाकता येत नाही. सांगा, ह्याहून मोठी शिक्षा कुणी कुणाला दिली असेल? पंतोजी पुढे गेले की पोर मागे सरे. शेवटी ते भट्टीकडे पाठ करून मातीतच बसले. छडी मांडीखाली दाबली.

"सटवा, त्या दिवशी का हसलास?"

 भट्टीमागून सटवा हळूच म्हणाला, "तुमी पावकी म्हनत हुता. शेळी मान हलवीत हुती. मला वाटलं, ती बी पावकी म्हनतीया."

पंतोजींना हसू फुटलं. त्र्यंबकपंत हसले. असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. सगुणाच्या हातातली घागर निसटली. हसता हसता पंतोजींचे डोळे भरले आणि ते तसेच मोठ्यानं रडायला लागले, असं म्हणतात.

"हसलास ती चूक होती का रे?" त्यांनी विचारलं.

"वाईच हुती," सटवा म्हणाला. "शेळी माझ्याच मागनं आली हुती."

"मग मी काय शिक्षा द्यायला हवी होती?"

"मलाच ती भाईर न्यायला लावायची. घरला बांधून यायचं आनि ऱ्हायल्याली पावकी म्हनायची."

 एवढी बेताची शिक्षा पंतोजींना आजवर सुचली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "आणि मी मारलं, त्याची मला काय शिक्षा?"

लिंबाजी मधे पडला. "पंत, लेकराला असलं इचारू नगा. पाप लागंल आमाला."

"त्याला बोलू दे," पंतोजी म्हणाले.

सटवानं भट्टीच्या कडेनं डोकं बाहेर काढलं. "आमच्या शेळ्या राखा. दिस मावळंस्तवर. मग झालं."

दुसऱ्या दिवशी खडकवळनं जे पाहिलं ते पाहून बायकांनी तोंडाला पदर लावले. डोक्यावर पगडी, खांद्यावर चघळलेलं उपरणं, हातात बाभळीची काठी, आणि त्र्यंबकपंत कुंभाराच्या शेळ्यांमागं हुर्र हुर्र करत वेशीबाहेर निघाले होते. पाटील आडवे आले. म्हणाले, "पंत, गावाची अब्रू घालवता तुम्ही. उद्या पोरं तुम्हाला जुमानतील का?"

"उद्याचं उद्या बघू, पाटील. आधी ही काटेरी झुडपात चाललीय ती वळवतो."

सबंध दिवस शेळ्यांनी त्यांना माळावर पळवलं. पण काठी त्यांनी एकीच्याही अंगाला लावली नाही. ऊन उतरलं, शेळ्या परत आल्या. निम्मं गाव कुंभारवाड्यात जमलं होतं. पंतोजी दारात थांबले आणि म्हणाले, "सटवा, झाली का रे शिक्षा?"

"झाली," सटवा म्हणाला.

तेवढ्यात पंतोजींच्या हातातून छडी गळून पडली. ती पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लोक वाकून छडीकडे बघत होते, म्हणून सटवाची मूठ उघडलेली आधी कुणालाच दिसली नाही. दिसली ती त्याच्या आईला. तिनं तो हात दोन्ही हातांत धरला. तळव्यावर छडीचा वळ होता. इतके दिवस गेले, तरी आत्ताच उमटल्यासारखा लालभडक. माणसं एकेक करून पुढे आली, तो वळ पाहिला आणि खाली मान घालून घरी गेली. त्यांच्यात प्रत्येक जण कुणाचा तरी बाप होता.

सकाळी ओवरीचा कोपरा रिकामा होता. ज्यानं त्यानं आपली छडी नेली होती. त्या सगळ्या लिंबाजीच्या भट्टीत गेल्या, आणि त्या भट्टीतलं एकही मडकं तडकलं नाही, असं म्हणतात. सटवा मोठा झाला, चाकावर बसला. पावकी म्हणत मडकी वळायचा. पंतोजी मरेपर्यंत शिकवत राहिले. पोरं त्यांना जुमानत होती. कशी, ते पाटलांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

आता तिथे पक्की शाळा आहे, पण रीत पंतोजींच्या नावानं चालते. पोरानं खोडी केली, की गुरुजी आधी त्याला खाली बसवून, स्वतःही खाली बसून विचारतात, "का केलंस?" पाणी सांडलं तर पुसायचं, दुसऱ्याची पाटी फोडली तर आपली त्याला द्यायची. शिक्षा त्याच दिवशी संपवायची आणि "झाली" म्हणायचं. एकदा "झाली" म्हटलं, की तो विषय पुन्हा काढायचा नाही, घरीसुद्धा नाही.

आणि वर्षातून एकदा, पंतोजींनी शेळ्या राखल्या त्या दिवशी, सगळे गुरुजी मुलांपुढे उभे राहतात. विचारतात, "वर्षभरात आमचं काय चुकलं?" मुलं सांगतात. न भिता सांगतात. नवीन बदलून आलेल्या गुरुजींच्या कपाळाला घाम येतो. मग मुलं शिक्षा ठरवतात. कुणाला अंगण झाडायला लावतात, कुणाला झाडांना पाणी घालायला, कुणाला दिवसभर शेळ्यांमागं पाठवतात.

पिढ्या गेल्या. पण आजवर एकाही मुलानं गुरुजींना हात पुढे करायला सांगितलेलं नाही, असं म्हणतात.