डाव्या पायाचं ऐकतं कोण?

“पण डाव्या पायाचं ऐकतं कोण, मास्तर?”

बस्त्याव मास्तरांनी मान वर केली नाही. ओटीवर वेताच्या खुर्चीत बसून ते वालाच्या शेंगा सोलत होते. दाणे परातीत, टरफलं पाटीत.

वसईच्या त्या आळीत लग्न कुणाचंही असो, बँडमध्ये ड्रमवर मास्तरच असायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. रविवारच्या लग्नात त्यांच्या जागी कोण बसणार, एवढंच ठरायचं होतं. समोर बसलेल्या त्यांच्या शिष्याच्या, सिरिलच्या मते तेही ठरलेलंच होतं. मास्तरांनी ‘हो’ म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

सिरिलचे हात खरोखरच वेगवान. मित्र त्याला मिक्सर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

“उजव्या पायाखाली मोठा ड्रम. तो पोटात घुमतो,” सिरिल म्हणाला. “हात तर सगळेच बघतात. डाव्या पायाखाली काय? हाय-हॅट. एकावर एक दोन झांजा, पेडल दाबलं की चिक्. एवढ्या गोंगाटात ती चिक्...”

“मागच्या लग्नात तू वाजवलंस. म्हातारा इनास नाचता नाचता खाली बसला.”

“दम लागला असेल.”

“इनासला? त्याला दर लग्नातून ओढून घरी न्यावं लागतं.”

सिरिलनं पाटीतलं एक टरफल उचललं.

“बसताना त्यानं मला विचारलं, गाणं बदललं का रे?” मास्तरांनी एक शेंग मोडली. “तू हातांचा गडगडाट केलास, तेवढ्यात तुझी चिक् थांबली. तू परत आलास तेव्हा गाणं धावत सुटलं होतं.”

“पण टाळ्या पडल्या, मास्तर!”

“पडल्या की. बसलेल्यांनी वाजवल्या.”



“स्पष्ट सांगा. रविवारी मी बसू की नको?”

मास्तरांनी शेंग खाली ठेवली आणि डावा पाय पुढे केला. अंगठ्यात दोरीचा फास होता. दोरी गेली होती तुळईला टांगलेल्या पाळण्याकडे. आत मास्तरांची नात झोपली होती.

सिरिल आल्यापासून पाळणा हलत होता. त्याला तो आत्ता दिसला.

“चप्पल काढ,” मास्तर म्हणाले आणि फास त्याच्या अंगठ्यात सरकवला. “आता तुझ्या ड्रमच्या काठ्या घे. समोरच्या बाकावर वाजव.”

“बाळ उठेल ना!”

“आवाजानं नाही उठत. माझी नात आहे ती.”

सिरिलनं आधी हळू वाजवलं. मग जरा जोरात. बाळ ढिम्म. त्याला हुरूप आला. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं आपला तो गडगडाट सोडला, शेवटचा ठोका हाणला आणि कौतुकासाठी मास्तरांकडे बघितलं.

शांतता...

मग पाळण्यातून टाहो.

“पप्पा!” आतून मास्तरांची लेक ओरडली. “दोरी कुणाकडे दिलीत?”

“सिरिलकडे!”

“तरीच!”

सिरिलचे कान तापले. त्यानं दोरी पुन्हा ओढली. बाळ मुसमुसत गप्प झालं. आता त्यानं अंगठ्यावर नजर रोखली. पाळणा अर्ध्यातच अडखळला.

“खेचू नकोस. तो येतोच आहे. आला की हलकेच ओढ.”

“पण मग हात...”

“कुठे गेले?”

सिरिलनं पाहिलं. काठ्या मांडीवर पडून होत्या.

मास्तरांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या शेंगा परातीसकट त्याच्या मांडीवर सरकवल्या.

“सोल.”

“मास्तर, मी इथं ड्रम...”

“सोल रे. आई कशी आहे तुझी?”

“बरी आहे.”

“आणि वाडीतला पंप?”

पंप हा सिरिलच्या घरचा दुखरा विषय. मेकॅनिकनं काय सांगितलं, काकानं काय ऐकलं, केळी कशी सुकली, आई काकाला काय म्हणाली, काकी आईला काय म्हणाली. सिरिल सांगत गेला. काकीची नक्कलसुद्धा केली. दाणे परातीत पडत राहिले.

पाळणा येत होता, जात होता.

शेंगा संपल्या. मास्तरांनी परात उचलली आणि काही न बोलता काठ्या त्याच्या हातात दिल्या. सिरिल अजून काकीवरच होता. बोलता बोलता तो वाजवू लागला. साधंच, नाचता येईल असं. मध्येच एक छोटा गडगडाट आला आणि आला तसा गेला.

पाळणा येत होता, जात होता.

ओटीवरचं ऊन अंगणात उतरलं. आत लसणाची फोडणी पडली. लेक हातात उलथनं घेऊन दारात आली, तिनं आधी पाळण्याकडे बघितलं, मग सिरिलकडे, आणि तशीच आत गेली.

मास्तरांनी खुर्चीत मान टेकली होती. डोळे मिटलेले.

सिरिल वाजवता वाजवताच हळू आवाजात म्हणाला, “मास्तर... मग रविवारी?”

पाळणा एकदा जाऊन आला.

“मास्तर?”

“मला काय विचारतोस,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “पाळण्यात झोपलीये, तिला विचार.”