माहेरचा हंडा

पूर्वी वेत्रपूर नगरात सुकेत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रक नावाचे वैद्य होऊन जन्मले होते. तापावरचे अरिष्ट, म्हणजे आंबवलेले औषध, त्यांच्या घरीच तयार होई. मोठ्या हंड्यात काढा उकळायचा, त्यात गूळ आणि धायटीची फुले घालायची आणि तो रांजणात आंबायला ठेवायचा.

सुनेने हंडा माहेराहून आणावा आणि तिच्या वडिलांनी सांगितलेलेच त्याचे माप मानावे, अशी तिथली रीत होती. असा हंडा मोजून पाहणे म्हणजे व्याह्यांचा अपमान. झऱ्याचे पाणी पन्हळीतून थेट हंड्यात पडे, त्यामुळे घागरी कोणी मोजतही नसे.

भद्रकांच्या घरी नवी सून पियाली दहा घागरींचा हंडा घेऊन आली. सासू कुंदिकेचे हात दुखू लागले होते, म्हणून काढ्याचे काम पियालीकडे गेले. तिने दहा घागरींना लागतो तेवढा गूळ घातला. अरिष्ट आंबलेच नाही. दुसऱ्या खेपेलाही रांजणात नुसता गोड चिखल राहिला. गावात माणसे तापाने फणफणत होती आणि औषध नव्हते.

"माझ्या हातचं कधी बिघडलं का?" कुंदिका म्हणाली. "आईनं हिला चूल तरी दाखवली होती की नाही, कोण जाणे! आता बिघडलं तर हंड्यासकट माहेरी पोचवीन."

बापाच्या खांद्याला टेकावे तशी पियाली हंड्याला टेकून बसली.

बोधिसत्त्वांना कारण उमगले: हंडा सांगितल्यापेक्षा लहान होता, म्हणून गूळ जास्त पडत होता, आणि अति गोड काढा आंबत नाही. कुंदिकेच्या हंड्यातही सांगितलेल्या बारा घागरी कधी मावत नव्हत्या. तिचे मन दुखू नये म्हणून ते तिला गूळच कमी काढून देत आले होते. त्यांच्या मनात आले, 'पियालीलाही तसाच देईन, पण माझ्यामागे तिच्या सुनेला कोण देईल? मी गप्प राहून एकीचे मन जपले आणि दुसरीला रडवले.'

त्यांनी घागर उचलली. पियालीने घाईने हंड्यावर हात ठेवला.

"मामंजी, नको. बाबांचं नाव जाईल."

"तुझा नव्हे, पोरी. आधी हिचा."

"मोजा की!" कुंदिका हसली. "माझे बाबा शब्दाचे पक्के."

दहावी घागर ओतताच पाणी काठावरून सांडले. कुंदिका ओल्या जमिनीकडे पाहत राहिली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"म्हणजे, बाबा खोटं बोलले?"

बोधिसत्त्वांनी तिचा दुखरा हात हातात घेतला. "नाही गं. त्यांनी पाणी मोजलंच नव्हतं. तुला जेवढं द्यावंसं वाटत होतं, तेवढं सांगितलं."

डोळे पुसून कुंदिका सुनेजवळ जाऊन बसली. "चल, तुझ्या बाबांना किती द्यावंसं वाटत होतं ते बघू."

पियालीचा हंडा आठ घागरींतच भरला. उकळताना फेसाला जागा राहावी म्हणून कुंदिकेने आतून काठाच्या खाली खूण केली, मग गूळ कमी करून दिला. काही दिवसांनी सासू-सुनेने रांजणाला कान लावले. आत बुडबुडे फुटत होते. दोघी एकदमच हसल्या.

औषध घरोघर पोचले, आणि त्यामागून घागरही. गावातल्या साऱ्या सुनांचे हंडे मोजले गेले. एकही सांगितल्याएवढा भरला नाही, आणि कोणाच्या बापाला कोणी हसले नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची कुंदिका म्हणजे आज विहाराच्या दारात पेज वाढणारी सोमिला. पियाली म्हणजे तिच्याजवळ पळी घेऊन उभी असलेली तिची सून. आणि तो वैद्य मीच होतो. ज्याला सत्य सांगायचे त्याचा हात सोडू नये. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."