निळ्या धारेचा गारठा

एका राज्यात उन्हाळा दोनच महिन्यांचा पाहुणा असे, आणि तिथे शैलकेतू नावाचा राजा राज्य करी. रानमेंढ्यांच्या शिंगांचा त्याला भारी शौक. दरबारात हजार मुंडकी टांगली, तरी त्याचं मन भरेना. डोंगरावरची रानमेंढरं संपली, तेव्हा उपाशी हिमबिबटे वस्त्यांकडे उतरले.

डोंगराच्या निळ्या धारेखाली यांगचेन नावाची मेंढपाळीण राहत होती. नवरा कड्यावरून पडून गेलेला. घरात सात वर्षांची लेक देचेन आणि गोठ्यात साठ शेळ्या, एवढाच तिचा संसार. एका पहाटे तिनं गोठ्याचं दार उघडलं, तर आत हिमबिबट्याची मादी. छपराच्या भगदाडातून शिरली, पण बाहेरची वाट सापडेना. बिथरून तिनं अठ्ठेचाळीस शेळ्या मारल्या होत्या. खाल्ली होती एकच. दार उघडताच ती यांगचेनच्या अंगावरून झेप घेऊन निसटली. यांगचेन तिथंच, रक्तात, मटकन बसली.

ती राजाकडे गेली. राजाच्या मांत्रिकानं तिच्या हातावर विषाची पुडी ठेवली. "मेलेल्या शेळीत भर. डोंगर साफ होईल."

तिनं भरली. डोंगर साफ झाला. मादी मेली, तिचे दोन बछडे मेले, त्यांच्यावर उतरलेली गिधाडं मेली.

त्या दिवसापासून शिखरावर बर्फ पडेना. झरे आटले, आणि शिखरावरचा गारठा खाली येऊन लेकरांच्या अंगात शिरला. घरोघरची मुलं डोळे मिटून बर्फासारखी थिजली. देचेन सगळ्यांत आधी.

मग राज्यातलं उरलेलं एकमेव गिधाड यांगचेनच्या छपरावर येऊन बसलं.

"तीन कामं आहेत," ते म्हणालं. "तू मारलेल्यांना आपल्या हातांनी मूठमाती दे. राजाची शिकार थांबव. आणि खिंडीपलीकडे एक गाभण हिमबिबटीण उरली आहे, तिला या डोंगरावर आण."

"मग माझी देचेन उठेल?"

"राज्य शापातून सुटेल. विष तुझ्या हातून गेलं, तुझ्या घराचं मला सांगता येत नाही."

यांगचेननं कुदळ उचलली.

गोठलेली जमीन फोडताना तिच्या बोटांची नखं गेली. बछडे एवढे हलके होते, की तिनं दोघांना एकाच हातात उचललं. पुरून झाल्यावर ती तशीच, मातीनं माखलेल्या हातांनी, दरबारात उभी राहिली.

"महाराज, शिकार थांबवा. निळी धार रानमेंढरांना सोडा, म्हणजे ती शेजारच्या डोंगरांवरून परततील."

राजानं हसायला तोंड उघडलं, पण मांडीवरच्या थिजलेल्या राजकुमाराकडे पाहून मिटलं. "सोडली," तो म्हणाला आणि त्यानं धनुष्य मोडलं.

मेंढपाळ मात्र खवळले. "आमची जनावरं कुठं चारायची?"

"तुमची पोरं उठली की मग मला विचारा," यांगचेन म्हणाली.

मग उरलेल्या बारा शेळ्या घेऊन ती खिंड ओलांडून गेली. हिमबिबटीण एका कपारीत होती. बरगड्या मोजता याव्यात एवढी वाळलेली. यांगचेननं पहिली शेळी तिच्यापुढे सोडली आणि मागे सरली. परतीच्या वाटेवर दर मुक्कामाला एक, अशा अकरा शेळ्या तिनं आपल्या हातानं दिल्या. प्रत्येकीला ती नावानं ओळखत होती. शेळी ओरडे, तेव्हा ती कान झाकत नसे. शेवटची सोडली तेव्हा निळी धार समोर होती. हिमबिबटीण तिच्याकडे न पाहता धार चढून गेली.

त्याच घटकेला बर्फ पडू लागला.

यांगचेन धावत सुटली. वस्तीत दारं उघडत होती, मुलं आयांना हाका मारत होती, कुणी भूक लागली म्हणून रडत होतं. तिनं आपलं दार ढकललं. देचेनच्या अंगातला गारठा निघून गेला होता. गाल मऊ झाले होते, मुठी सुटल्या होत्या. पण श्वास नव्हता.

छपरावरचं गिधाड खाली उंबऱ्यावर उतरलं. मग म्हणालं, "शाप सुटला, बाई."

"हो," यांगचेन म्हणाली.

राज्याची घडी पुन्हा बसली. झरे वाहू लागले, पुढच्या वर्षी पाच रानमेंढरं धारेवर दिसली. मेंढपाळांनी गोठ्यांच्या छपरांची भगदाडं दगडांनी बुजवली. हिमबिबटीण बछड्यांना घेऊन वस्तीजवळून गेली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं धोंडा उचलला. यांगचेननं त्याचा हात धरला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तिची पोरं जगली आहेत."

बछडे आईमागे धडपडत धार चढत होते. ते दिसेनासे झाले, तरी यांगचेन तिथंच उभी राहिली, कारण घरी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं.