फुगवटा रुपया

दिवाण विसाजीपंतांनी एका रुपयाच्या चांदीत दोन रुपये पाडले आणि राज्य दुप्पट श्रीमंत झाल्याची दवंडी पिटली. बाजारात ज्वारी दुप्पट महागली, तेव्हा त्यांनी देवाप्पा वाण्यालाच कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या पंगतीत आचारीणबाई भिवराबाईंनी दिवाणांना रोजच्या चारऐवजी आठ टम्म पुऱ्या वाढल्या. आठही फस्त करून दिवाण ओरडले, "पोट कुठं भरलं? या आठ म्हणजे कालच्या चारच!"

"कणीक चारांचीच होती, दिवाणजी. नुसत्या पातळ लाटल्या," भिवराबाई म्हणाल्या. "तुमच्या पोटाला जे कळलं, तेच वाण्याच्या तराजूला कळलं. मग कोठडीत वाणी एकटाच का? पोटालाही घाला!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. वाणी सुटला, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात दिवाणांच्या रुपयाचं नाव 'फुगवटा' पडलं होतं.