एक दोरी कापा

“कुठली?” सुलक्षणाबाईंनी विचारलं.

“कुठलीही. गलबत तुमचं, दोऱ्या तुमच्या. एक कापा म्हणजे झालं.”

परकार सरांनी बाकावर कात्री ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. सुपारी कातरायला सांगितल्यासारखा चेहरा.

सुलक्षणा पेडणेकर म्हणजे खाडीकाठच्या त्या गावातली दातांची डॉक्टर. हात असा हलका की दात उपटल्यावर माणूस विचारी, “कधी काढताय?” बाईंना आपल्या हाताचा भारी अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, त्यात फुशारकी नव्हती.

परकार सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लाकडाची छोटी गलबतं करावीत तर त्यांनीच, असं खाडीच्या दोन्ही काठांवर बोललं जाई. शिकायला येईल त्याला ते ओटीवर बसवत. आतल्या खोलीत, स्वतःच्या टेबलाशी, आजवर त्यांनी कुणालाही बसवलं नव्हतं.

बाईंना ती जागा हवी होती. बाकी काही नको होतं.

त्यासाठीच तर हे हातभर लांबीचं सागवानी गलबत केलं होतं. दात कोरायच्या यंत्राने तांदळाएवढ्या कप्प्या कोरल्या होत्या, त्यांतून खऱ्या दोऱ्या ओवल्या होत्या. नवऱ्याने भातुकली म्हणून हिणवलं, नणंदेने म्हातारचळ म्हटलं. बाईंनी दोघांनाही भीक घातली नाही.

आणि आता हा माणूस म्हणतो, कापा.

“नाही कापली तर?”

“तर घरी न्या. काचेच्या कपाटात ठेवा. येणारेजाणारे वाहवा करतील.”

‘वाहवा’ हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की बाईंची कानशिलंच तापली.

“सगळ्यांनाच कापायला लावता?”

“सगळ्यांनाच. बँकेतल्या सोमण मॅनेजरांनी कापली परवा, त्यांच्या गलबताची. दोरी लोंबत राहिली, पण डोलकाठी जागची हलली नाही. खूश झाले बिचारे. चहा पिऊन गेले.”

सोमणांची डोलकाठी हलली नाही. आपली मात्र हलणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुठली दोरी कशाचा भार घेते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. सोमणांना जे जमलं ते आपल्याला जमू नये? त्या दाढ दुखली की लहान पोरासारख्या रडणाऱ्या सोमणांना?

त्यांनी कात्री उचलली. हात आपसूक वर गेला, अगदी टोकाला, निशाणाच्या दोरीकडे.

“कापा की,” सर डोळे मिटूनच म्हणाले. “निशाण पडलं म्हणून गलबत थोडंच थांबतं.”

चोरी पकडली गेली होती. बाईंनी हात मागे घेतला.

…

मग त्यांना स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं रविवारची झोप सोडून इथे आलो ते काय पळवाट शोधायला? होऊन जाऊ दे एकदाचं. त्यांनी कात्री खाली आणली आणि मोठ्या डोलकाठीला मागून ओढून धरणाऱ्या जाड दोरीला लावली. सगळ्यांत मोठा भार तिच्यावर होता.

सरांनी डोळे उघडले.

“बिस्मिल्ला करा,” ते हळूच म्हणाले.

कट्.

डोलकाठी क्षणभर थरथरली आणि पुढे कलली. शीड सैल पडलं. एकीमागून एक सगळ्या दोऱ्या ढिल्या झाल्या आणि काठी नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, आडवी झाली.

बाईंनी कात्री ठेवली. डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असंही त्यांना वाटलं नाही.

“हरले मी, सर.”

सर उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

“जुलेखा,” त्यांनी बायकोला हाक मारली, “बाहेर ये गो. पडली बघ.” घरात नातू झाल्यासारखे हसत होते.

“सर, सोमणांची तर ताठ उभी राहिली…”

“राहणारच. सरसाने चिकटवून रोवलेली. दोऱ्या आपल्या नुसते दागिने. सगळ्यांचं तेच. तुम्ही का नाही सरस घातला?”

बाईंनी पदराने डोळे पुसले.

“दात काही हिरडीत चिकटवलेला नसतो, सर. बारीक बारीक धाग्यांनी धरलेला असतो. जरासा हलतो, म्हणून तर टिकतो. मला वाटलं, डोलकाठीही तशीच उभी राहत असेल…”

सरांनी वाकून काठीच्या बुडाशी बोट फिरवून पाहिलं.

“थांबा, बांधते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून नवी दोरी काढली. कप्पीतून ओवली, दातात धरली, दोन्ही हातांनी ओढ दिली. काठी उठायला लागली. एक दोरी ताठली, मग तिच्या शेजारची, मग पलीकडची. शीड पोट काढून उभं राहिलं. बाईंनी गाठ मारली आणि हात सोडले.

गलबत उभं होतं. सरसावर नाही, स्वतःच्या ओढीवर. जुलेखाबी चहाचे कप हातात घेऊन दारातच थबकल्या. बाईंना त्या घटकेला आख्ख्या गावात आपल्यासारखी दुसरी नाही असं वाटलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

“आत या,” सर म्हणाले.

त्यांनी टेबलाशेजारच्या खुर्चीवरची रद्दी खाली ठेवली आणि फडक्याने खुर्ची पुसली. बाई बसल्या. अगदी ताठ बसल्या.

सरांनी कपाट उघडलं. ज्या गलबतामुळे त्यांचं दोन्ही काठांवर नाव झालं होतं, ते दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

…

मग ते ओटीवर जाऊन कात्री घेऊन आले आणि मुठीची बाजू बाईंकडे धरली.

“इतकी वर्षं ही कापून बघायचा मला धीर झाला नाही, डॉक्टरीणबाई. घ्या. आता माझी एक कापा.”