राजाच्या भुवया आणि जैतुनाचे झाड

एका राज्यात पाऊस पडे तो हिवाळ्यात, आणि उन्हाळाभर आकाशातून थेंब म्हणून गळत नसे. समुद्राकाठच्या डोंगरउतारांवर जैतुनाची झाडे होती. त्यांच्या फळांचे तेल काढायचे, त्यात भाजी परतायची, त्यावरच दिवे लावायचे, असा तिथला रिवाज. राज्य करी दयार्णव राजा. नावाप्रमाणे दयाळू, पण इतका की लोकांच्या अंगाशी यावे! झाडे-रोपे हीसुद्धा आपली प्रजाच, असे त्याने एकदा मनात घेतले आणि दवंडी पिटवली : कुणी फांदी तोडू नये, कुणी कोवळे रोप उपटू नये.

झाले! मुळ्याच्या वाफ्यात विरळणी बंद पडली. तयार मुळा काढायची मुभा होती, पण रोपाला रोप खेटून उभे, तिथे मुळा तयार होईल तर शपथ. उंदराच्या शेपटीएवढा निघे. टोमॅटोला राजा स्वतः रोज घडाभर पाणी घाली, तेव्हा पानेच पाने, आणि फळ लागे ते तडकलेले नि पांचट. जैतुनांचे तर रान माजले. आत ऊन शिरेना, फळ धरेना, दिव्यात तेल पडेना.

सर्वांत जुन्या जैतुनाच्या खोडात तुरटा नावाची जादूगारीण राहत असे. अंधाराने आणि ओलीने ती खोकून खोकून बेजार झाली. एके सकाळी तडक दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, माझ्या झाडात ऊन शिरेपर्यंत तुझ्या डोळ्यांत उजेड शिरणार नाही." एवढे बोलून परत गेली. जेवायलासुद्धा थांबली नाही.

दुपारी राजाच्या भुवया वाढू लागल्या. संध्याकाळी गालांवर आल्या, दुसऱ्या दिवशी छातीवर. न्हाव्याने कापल्या, त्या दुप्पट वाढल्या. प्रधानाने दोन्ही हातांनी वर उचलून धरल्या, तर खालून नव्या आल्या. आणि दैव कसे पाहा, बारा वर्षे जिची वाट पाहिली ती मुलगी राजाच्या घरी त्याच आठवड्यात जन्मली. त्या राज्यात बापाने तोंड पाहिल्याखेरीज बाळाचे नाव ठेवत नसत. राजा पाळण्याशी बसून मुलीचे रडणे ऐके आणि भुवयांआड स्वतःही रडे.

राणी वेत्रवती म्हणाली, "महाराज, पोरीला सगळा राजवाडा 'अगं ए' म्हणतो. हे किती दिवस चालायचं?"

राजा उठला. करवत घेतली, प्रधानाचा खांदा धरला आणि जुन्या जैतुनाकडे गेला. फांदीला करवत लावली, पण ती ओढवेना. "हिचा काय अपराध?" म्हणत त्याने करवत खाली ठेवली.

शेंड्यावर हुदहुद पक्षी बसला होता. त्याने तुरा उभारला आणि तो बोलू लागला. "राजा, ज्याच्याने मुळ्याचं रोप उपटवत नाही, त्याच्याने जैतून काय छाटवणार? तीन कामं कर. मुळा विरळ. टोमॅटोला तहान लागू दे. मग इथे ये. या झाडातून मी पंख पसरून आरपार जाईन. पान लागता कामा नये."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मुलगी सासरी जातानाही तू तिला आवाजावरूनच ओळखशील."

राजा मुळ्याच्या वाफ्यात उकिडवा बसला. चाचपून एक रोप उपटी, "क्षमा असावी" म्हणे, मग दुसरे उपटी. दिवस मावळला तेव्हा त्याचा घसा बसला होता. राणीने त्या कोवळ्या पाल्याची लसूण घालून भाजी केली.

"प्रजा खाऊ?" राजा कळवळला.

"जेवा," राणी म्हणाली.

राजाने घास घेतला, मग दुसरा घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारले, "अजून आहे का?" महिन्याभरात वाफ्यातले मुळे मनगटाएवढे झाले.

उन्हाळा लागला. राजा भरलेला घडा घेऊन टोमॅटोंपाशी उभा राहिला. ओतायचा नाही, नुसता धरायचा. आणि टोमॅटो लबाड! "महाराज, घोटभर," "महाराज, जीव चालला," असे एकसारखे गळे काढीत. राजाचा घडा कलला की मागून राणीचा आवाज येई, "ओतलात तर मी माहेरी जाईन." त्या धाकावर आठवडे निघाले. पाणी मिळेना तशी मुळे खोल उतरली आणि ओरडा थांबला. फळे लहान आली, पण गोड अशी, की कुणाला कळायच्या आत प्रधानाने अर्धी टोपली संपवली.

एव्हाना मुलीला दात आले होते, ती रांगत होती. बाप म्हणजे दोन लांब भुवया, एवढे तिला पक्के ठाऊक होते. त्यांना धरूनच ती उभी राहायला शिकली.

हिवाळ्यातला पाऊस सरला आणि राजा प्रधानाचा खांदा धरून पुन्हा जुन्या जैतुनाशी आला. आता करवत खाली ठेवली नाही. चाचपून, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, आतले दाट फुटवे काढले. हुदहुद उडाला. पंखाला पान लागले. राजाने आणखी छाटले. पक्षी पुन्हा उडाला, पुन्हा पान लागले. आता मधोमध एकच आडवी, जाडजूड फांदी उरली. राजाने तिच्यावरून हात फिरवला आणि तो तिच्याखालीच बसला.

"ही मी हेरून ठेवली होती. मूल झालं की हिलाच झोपाळा बांधायचा."

"बांध की," हुदहुद म्हणाला. "झोपाळ्यावरची मुलगी दिसणार नाही, एवढंच."

राजा उठला. रडत रडत त्याने फांदी कापली, पण क्षमा मागितली नाही. हुदहुद पंख पसरून आला आणि आरपार गेला. पान हलले नाही. त्याच्यामागून ऊन आत शिरले, थेट खोडापर्यंत. तुरटा बाहेर येऊन उन्हात बसली, दोनदा खोकली आणि थांबली. "बरं वाटलं," म्हणाली.

तत्क्षणी राजाच्या भुवया गळून पडल्या. सगळ्याच्या सगळ्या. एक केससुद्धा उरला नाही. राजा राजवाड्याकडे पळत सुटला.

"प्रधानजी, दवंडी पिटा!"

"कोणती, महाराज?"

"उलटी!"

आणि खरेच, त्या दिवसापासून राज्यात विळे, करवती बाहेर निघाल्या, पुढे जैतुने फळांनी वाकली आणि घरोघर दिवे लागले. पण राजाला तेव्हा त्याचे काही नव्हते. त्याने धापा टाकत मुलीला उचलले. मुलीने तो भुंडा, अनोळखी चेहरा पाहिला आणि टाहो फोडला. हातपाय झाडले, बापाला ओरबाडले. राणी तिला घ्यायला धावली.

"राहू द्या, राणीसरकार," राजा म्हणाला. "वर्षभर हिचं रडणं नुसतं ऐकलं. आज दिसतंय."

तो आवाज ऐकून मुलगी थबकली. तिने त्याच्या कपाळावर हात फिरवून भुवया शोधल्या. सापडल्या नाहीत. मग तिने त्याचे नाक घट्ट धरले, आणि राजाने गेंगाण्या आवाजात तिचे नाव ठेवले.